एसयू आणि स्ट्रॉमबर्ग कार्ब: डॅशपॉटमध्ये कोणतं तेल घालावं?

एमजीबी, मिनी, मॉरिस मायनर, ट्रायम्फ, जुनी जॅग्वार यांपैकी कुठलीही गाडी दारात असेल, तर कार्बच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या) डोक्यावरची ती छोटी टोपी फिरवून कधीतरी आतल्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे तेलाच्या छोट्या जागेत, तेल टाकावं लागतंच. कोणतं, हे विचारलं की प्रत्येक मेकॅनिक वेगळं नाव सांगतो. इंजिन ऑईल, एसएई 20, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), फोर्क ऑईल (मोटरसायकलच्या पुढच्या सस्पेन्शनचं तेल), अगदी शिलाई मशीनचं तेलसुद्धा. यातल्या बहुतेकांवर गाडी चालते, पण पिकअपमध्ये फरक नक्की जाणवतो.

आधी हे तेल करतं काय ते बघू. एसयू आणि झेनिथ-स्ट्रॉमबर्ग सीडी, या दोन्ही प्रकारच्या कार्बमध्ये इंजिनच्या ओढीप्रमाणे एक पिस्टन वर-खाली होतो आणि त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून (पेट्रोलच्या बारीक भोकातून) किती पेट्रोल यावं ते ठरवते. अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबला की पिस्टनही झटकन वर जायला बघतो. तो मोकळा सुटला तर हवा एकदम वाढते, जेटवरची ओढ कमी पडते आणि मिश्रण ऐन गरजेच्या वेळी लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. टोपीला लटकलेला, तेलात बुडालेला डॅम्पर पिस्टनला क्षणभर रोखतो. तेवढ्यात जेटवरची ओढ वाढते आणि जास्तीचं पेट्रोल खेचलं जातं. वेबर आणि सोलेक्समध्ये हे काम अ‍ॅक्सिलरेटर पंप करतो, त्यामुळे त्या कार्बवाल्यांना हा प्रश्न पडतच नाही.

म्हणजे या तेलाचा संबंध फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबण्याच्या क्षणाशी आहे. आयडलवर किंवा एका वेगात गाडी चालत असताना त्याने मिश्रण बदलत नाही. प्लग कायम काळे पडत असतील तर जेटची उंची, सुई आणि फ्लोट (कार्बमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) तपासा. तिथला दोष तेल पातळ करून जाणार नाही.

आता तुलना. बाटलीवरच्या ग्रेडपेक्षा मला 40 अंश सेल्सिअसची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, महत्त्वाची वाटते, कारण डॅशपॉट इंजिनच्या संपइतका (खालच्या तेलाच्या टाकीइतका) तापत नाही. 20डब्ल्यू-50 इंजिन ऑईल त्या तापमानाला साधारण 150 सेंटिस्टोक्सच्या (दाटपणाचं एकक) पुढे असतं. साधं एसएई 30 नव्वद-शंभरच्या आसपास, एसएई 20 साठच्या आसपास आणि जुन्या डेक्सरॉन प्रकारचं एटीएफ पस्तीसच्या आसपास. शिलाई मशीनचं तेल याहूनही बरंच पातळ. 100 अंशांना एटीएफ आणि एसएई 20 जवळजवळ सारखे दिसतात, म्हणून काही जण दोन्ही एकच समजतात. पण डॅशपॉटच्या तापमानाला त्यांच्यात जवळपास दुपटीचा फरक आहे, आणि तो पायाला कळतो.

एसएई 20 हा माझा स्पष्ट कौल. एसयूच्या नावाने मिळणारं डॅशपॉट ऑईलही याच ग्रेडचं असतं. गाडी मूळ अवस्थेत असेल, सुई आणि पिस्टनची स्प्रिंग कंपनीने दिलेलीच असेल, तर इथूनच सुरुवात करा. हे मोनोग्रेड तेल थंडीत थोडं दाटतं, आणि थंड इंजिनाला तेव्हा थोडं रिच (जास्त पेट्रोल असलेलं) मिश्रण हवंच असतं.

20डब्ल्यू-50 च्या बाजूने सर्वात मोठा मुद्दा म्हणजे अनेक ब्रिटिश गाड्यांच्या हँडबुकमध्ये डॅम्परसाठी इंजिनचंच तेल सांगितलेलं आहे. ते चूक नाही. मिनी-मायनरच्या ए-सिरीज आणि एमजीबीच्या बी-सिरीज इंजिनांमध्ये कार्ब एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्याच बाजूला बसतो. उन्हात, ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली उष्णता साठली की दाट तेलाचा फायदा होतो, कारण एसएई 20 तिथे थोडं जास्तच पातळ पडू शकतं. पण थंड हवेत याच तेलाने पिस्टन आळसावतो, पाय दाबला की गाडी आधी जड वाटते आणि मागून काळा धूर येतो.

एटीएफचं कौतुक बरंच ऐकू येतं. पाय ठेवताच गाडी हलकी वाटते हे खरं. मात्र तेच पाऊल खालच्या आरपीएमवरून टॉप गिअरमध्ये पूर्ण दाबून बघा. इंजिन अडखळलं किंवा कार्बमधून फटकन उलटा आवाज आला, तर डॅम्पिंग कमी पडतंय. मूळ सेटिंगच्या गाडीत एटीएफ घालायचं मला तरी कारण दिसत नाही. कडक थंडीत फिरणाऱ्या गाडीत ते वापरून बघायला हरकत नाही. शिलाई मशीनचं तेल मात्र नको.

फोर्क ऑईलचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतं. तेल चांगलं, पण त्यावरच्या 10डब्ल्यू, 20डब्ल्यू या आकड्यांना सगळ्या कंपन्यांत मिळून एक मोजमाप नाही. एका ब्रँडचं 15 दुसऱ्याच्या 10 पेक्षा पातळ निघू शकतं. डेटाशीटवर 40 अंशांचा आकडा साठच्या जवळ दिसला तर बिनधास्त घ्या. हायड्रॉलिक ऑईलमध्ये आयएसओ व्हीजी 68 हा जवळचा ग्रेड आहे. गिअर ऑईल आणि ब्रेक फ्लुइडला हात लावू नका.

पण तेल बदलायच्या आधी एक तपासणी कराच. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, डॅम्पर काढून ठेवा आणि बोटाने पिस्टन वर उचलून सोडा. तो न अडकता खाली यायला हवा आणि शेवटी धातूचा टक् असा आवाज ऐकू यायला हवा. आवाज आला नाही तर सुई किंवा जेट एका रेषेत नाही, किंवा चेंबरमध्ये घाण आहे. अशा कार्बमध्ये कुठलंही तेल घातलं तरी तुलना फसवीच निघेल. चेंबर साफ करताना आतल्या भिंतीला आणि पिस्टनच्या कडेला तेल लावू नका. थेंबभर तेल फक्त पिस्टनच्या दांड्याला.

पातळीही नीट बघा. टोपीला हवेचं भोक असलेल्या बऱ्याच एसयूंमध्ये तेल पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या टोकापासून सुमारे 13 मिमी वर असावं लागतं. भोक नसलेल्या टोपीच्या काही कार्बमध्ये ते टोकाच्या खाली ठेवतात, म्हणून आपल्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून खात्री करा. स्ट्रॉमबर्गमध्ये डॅम्पर आत सोडताना टोपी बसायला सुमारे 6 मिमी उरली असता हाताला विरोध जाणवला पाहिजे. तिथे पोहोचेपर्यंत विरोध जाणवलाच नाही तर पातळी योग्य आहे की कमी, हा अंदाज बांधू नका, तेल टाका. जास्त भरलेलं तेल उडून इंजिनात जातं, एवढंच.

दोन कार्बच्या गाडीत दोन्हीकडे एकाच बाटलीतलं तेल आणि सारखीच पातळी ठेवा, नाहीतर एक पिस्टन आधी आणि दुसरा नंतर उचलला जातो.

तेल सारखं संपत असेल तर दाट ग्रेड घेऊन ते लपवू नका. सुई बाहेरून अ‍ॅडजस्ट होणाऱ्या स्ट्रॉमबर्गमध्ये त्या अ‍ॅडजस्टरची रबरी ओ-रिंग म्हातारी झाली की तिथून तेल खाली झिरपतं. ती बदलल्यावर एसएई 20 पुन्हा भरा आणि पुढच्या सर्व्हिसला पातळी किती उतरली ते बघा.