आरएक्सचा स्लो टिकत नव्हता, मेस्त्रीने मिकुनीच लांबवला

जुन्या गाडीचा कार्बोरेटर गॅरेजमध्ये कसा बदलला जातो, ते यामाहाची आरएक्स 100 मोटरसायकल बाळगणाऱ्यांना मी सांगायला नको. मलाही माहीत होतं. तरी माझा मूळ मिकुनी कंपनीचा कार्बोरेटर गेला, त्या जागी नकली डबडं आलं आणि वर 8,030 रुपये मीच मोजले. शिरोलीच्या मशीन शॉपमध्ये दिवसभर बोअर गेज (सिलिंडरच्या भोकाचं माप घ्यायचं साधन) हातात धरणाऱ्या माणसाला 'बोअर गेलाय', म्हणजे सिलिंडर झिजलाय, म्हणून गंडवलं! हे लिहितानाही कान तापतात.

गाडी 1994 ची, वडिलांनी घेतलेली. दुखणं एवढंच की स्लो टिकत नव्हता, म्हणजे एक्सिलेटर सोडल्यावर इंजिन संथपणे चालू राहत नव्हतं. कोल्हापुरात ताराराणी चौकात सिग्नलला थांबलं की कधी भुरभुरून बंद, तर कधी एक्सिलेटर सोडला तरी रेस चढलेलीच. जाणकार लगेच म्हणतील, कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारं रबर बाहेरची हवा खातंय. मेस्त्री मात्र म्हणाला, "दादा, इथेनॉलच्या पेट्रोलनं वाट लावलीया. बोअर बी गेलाय." अर्धं खरं आहे म्हणूनच ते पचतं. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते पाणी धरतं, जुन्या रबरांना सोसत नाही. पण त्याचा बोअरशी काय संबंध? किकला कॉम्प्रेशन दणकून लागत होतं, म्हणजे बोअर शाबूत. बोअर गेलाय म्हणणाऱ्याला आधी माप दाखवायला लावा.

हिशोब असा: कार्बोरेटर किट 450, 'इम्पोर्टेड' जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची नळी) 1,180, क्रँक सील आणि मजुरी 2,800, बोअर-पिस्टन 3,600. यातले 3,600 फोनवरून दिले, तेही त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर. बाकी 4,430 रोख. बिल मागितलं तर म्हणाला, "घरच्या माणसाला कसलं बिल?"

आता ती संध्याकाळ. गाडी घ्यायला गेलो तेव्हा कार्बोरेटर नव्या भांड्यासारखा चमकत होता. विचारलं, तर "ॲसिडात धुतलाय." खालच्या वाटीचे स्क्रू तीस वर्षं पिळून पिळून गुळगुळीत झाले होते, तिथे आता कोरी करकरीत डोकी. "स्क्रू नवीन टाकल्यात, त्याचं पैसं न्हाई घेतलं." जो माणूस वायसरचेही पैसे लावतो तो स्क्रू फुकट देतो? वाटीवर वडिलांची पकड घसरून पडलेली एक तिरपी चर होती. ॲसिडने मळ जातो, चर जात नाही. हे सगळं डोळ्यांसमोर होतं. पण बाहेर पाऊस, मला सेकंड शिफ्टला पोचायचं, आणि गाडी तेव्हा झकास स्लोवर उभी होती. स्लोचा स्क्रू आवळून रेस वाढवून ठेवली की कुठलीही गाडी तासभर झकास उभी राहते. अशा वेळी चर कोण शोधत बसतं? तुम्ही शोधली असती?

आठवड्याभरात पुन्हा तेच रडगाणं. शाहूपुरीतल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीने गाडी चालू ठेवून रबरावर क्लीनरचा फवारा मारला. आवाज लगेच बदलला. रबराला खालच्या अंगाने भेग. नवीन रबर 260 रुपये. मग वाकून बघत म्हणाले, "कार्बोरेटर कधी बदललासा?"

तुमच्यासाठी एक सल्ला: कार्बोरेटरचा एअर स्क्रू (स्लोची हवा कमीजास्त करणारा) फिरवून आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर स्लो जेट तुंबलाय. तो काढून फुंकायला अर्धा तास पुरतो, गाडी रात्रभर ठेवायची गरज नाही. ठेवायचीच असेल तर कार्बोरेटरचे चारी बाजूंनी फोटो काढा, आतल्या बाजूला ऑइलपेंटचा ठिपका द्या.

मेस्त्रीकडे गेलो तर हात वर. मग पोलिसांकडे. पहिला प्रश्न, "गाडी हाय न्हवं तुमच्याजवळ? मग चोरी कसली?" दुसरा म्हणाला, स्क्रॅपला घाला. तिसऱ्याने मोबाइलवरचा व्यवहार बघितला आणि म्हणे, पैसे भलत्याच माणसाला दिलेत, हा दिवाणी मामला. बिल नाही म्हणून तक्रार नाही. आणि बिल न देणं हीच तर तक्रार! साहेब बंदोबस्ताला, उद्या या. उद्या गेलो तर ज्यांच्याशी बोललो ते सुट्टीवर, पुन्हा पहिल्यापासून रामायण. तासभर बाकावर बसवून शेवटी कोऱ्या कागदावरचा अर्ज घेतला, पण पोच द्यायला शिक्का सापडेना. मेस्त्री तिथल्याच गाड्या दुरुस्त करतो, हे नंतर चहावाल्याकडून कळलं. अशा ठिकाणी कसला निकाल लागणार, डोंबल?

गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मी रजिस्टर्डने पाठवलीय. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. बिल नसलं तरी फोनवरचे संदेश आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. वकिलाने थांबवलंय म्हणून मेस्त्रीचं नाव इथे लिहीत नाही.

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडे कुणाला आरएक्सचा जुना मिकुनी विकायला आला, तर वाटी बघा. डाव्या अंगाला करंगळीच्या नखाएवढी तिरपी चर असेल तर तो माझा आहे. विकणाऱ्याला बोलण्यात गुंतवा आणि मला कळवा.