ऑक्टोबरचा ओपल: काही महिने रोज बोटात घातल्यावर

ओपल हा ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्यांचा खडा, म्हणजे त्या महिन्याचं जन्मरत्न. दिसायला देखणा, पण रोजच्या अंगठीसाठी नाजूक. मोहस् मापनावर (1 सर्वांत मऊ, 10 सर्वांत कठीण) त्याचा कठीणपणा 5.5 ते 6.5. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते 7. म्हणजे कोरड्या फडक्याने खडा घासून पुसला की आपल्याच हाताने ओरखडे पडतात. काही महिन्यांत झळाळी मंदावते आणि दिव्याखाली खडा तिरका धरला की बारीक रेघांचं जाळं दिसतं. आतले रंग मात्र कमी होत नाहीत, ते सिलिकाच्या सूक्ष्म गोळ्यांच्या रचनेतून येतात. पुन्हा पॉलिश करून मिळतं, पण दर वेळी खडा थोडा झिजतो.

खरी गोम खड्याच्या प्रकारात आहे. डबलेट म्हणजे ओपलचा पातळ थर गडद पाठीवर चिकटवलेला; ट्रिपलेटवर शिवाय क्वार्ट्झची किंवा काचेची टोपी. कडेने पाहिलं तर जोडाची सरळ रेघ दिसते. बंद कोंदणात ती झाकली जाते, म्हणून खडा बसवण्याआधीच बघून घ्या. अशी अंगठी घालून रोज भांडी घासली की जोडात पाणी शिरतं आणि कडेपासून पांढुरका ढग आत सरकतो. तो पुसून जात नाही.

इथिओपियातल्या वेलोचा ओपल अखंड असला तरी बहुधा पाणी पितो. भिजला की रंग गायब, खडा काचेसारखा. घाबरू नका, सावलीत ठेवा. वाळायला काही दिवस लागू शकतात. हेअर ड्रायर लावलात तर तडे जाऊ शकतात. तेल किंवा अत्तर मुरलं तर मात्र डाग राहू शकतो.

अखंड, पाणी न पिणारा ओपल कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून, मऊ कापडाने धुवावा. बाकीच्यांना ओलसर कापड पुरे. दागिने साफ करायचं अल्ट्रासोनिक यंत्र आणि वाफ कुठल्याच ओपलला नको.

आज चालते ती महिन्यांच्या जन्मरत्नांची यादी 1912 मध्ये अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने ठरवली. कुठला खडा बोटात टिकेल हा तिचा निकष नव्हताच. 1952 मध्ये ऑक्टोबरला गुलाबी टूरमलीन जोडला गेला. त्याचा कठीणपणा 7 ते 7.5, त्यामुळे अंगठीला तोच घ्यावा. ओपलच हवा असेल तर लॉकेटमध्ये किंवा कानात घाला, आणि तरीही अंगठीच करायची तर कड झाकणारं बंद कोंदण मागा, खडा कोंदणाच्या काठाच्या वर येऊ देऊ नका.