बॅड बनी युरोपात: माद्रिद, लंडन, ड्युसेलडॉर्फ की मिलान? नेमकं कुठे जायचं?

लॅटिन पॉप गायक बॅड बनीच्या वर्ल्ड टूरचा युरोपातला टप्पा 22 मे 2026 ला बार्सिलोनात सुरू होतो आणि 22 जुलैला ब्रसेल्सला संपतो, मधे लिस्बन, माद्रिद, ड्युसेलडॉर्फ, आर्नहेम, लंडन, मार्सेय, पॅरिस, स्टॉकहोम, वॉर्सा, मिलान. जर्मनी, नेदरलँड्स, यूकेमधे राहणारी आपली बरीच मंडळी विचारतायत की जायचं तर कुठे जायचं, आणि पुण्या-मुंबईहून सुट्टी टाकून येणारेही आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते: जमत असेल तर माद्रिद, आणि तेही आठवड्याच्या मधल्या वारी. जमत नसेल तर ड्युसेलडॉर्फ किंवा आर्नहेम. लंडन मी फक्त यूकेत राहणाऱ्यांना सुचवेन, आणि मिलान उंच लोकांना. आता का ते सांगते.

बाकी पॉप स्टारच्या टूरमधे शहर बदललं म्हणून फार काही बिघडत नाही, तोच स्टेज, तीच गाणी, तेच फटाके. ही टूर तशी नाहीये. बेनितो अँतोनियो मार्तिनेझ ओकासियो, म्हणजे आपला बॅड बनी, हा पोर्तो रिकोच्या (कॅरिबियनमधलं, अमेरिकेच्या ताब्यातलं बेट) वेगा बाहा गावचा, सुपरमार्केटमधे लोकांच्या पिशव्या भरून देता देता साउंडक्लाउडवर गाणी टाकणारा पोरगा. 5 जानेवारी 2025 ला आलेला त्याचा ‘देबी तिरार मास फोतोस’ हा अल्बम अख्खा स्पॅनिशमधे आणि अख्खा पोर्तो रिकोबद्दल, साल्सा, प्लेना (तिथलं लोकसंगीत), रेगेटॉन सगळं एकत्र, आणि फेब्रुवारी 2026 मधे त्याला ग्रॅमीचा अल्बम ऑफ द इयर मिळाला, पूर्ण स्पॅनिश अल्बमला हा मान पहिल्यांदाच. टूरच्या आधी 2025 च्या उन्हाळ्यात त्याने पोर्तो रिकोची राजधानी सान हुआनच्या कोलिसेओ या एरिनात 31 शो केले आणि त्यातले पहिले 9 फक्त बेटावर राहणाऱ्यांसाठी ठेवले, जगाने नंतर यायचं. मग वर्ल्ड टूर काढली ती डोमिनिकन रिपब्लिकच्या सांतो दोमिंगोपासून, मेक्सिको सिटीत एकट्या 8 रात्री, आणि अमेरिकेची मुख्य भूमी पूर्ण वगळली, कारण मैफलीच्या बाहेर इमिग्रेशनवाले उभे राहून लोकांना धरतील ही भीती त्याने मुलाखतीत स्पष्ट बोलून दाखवली. मला हा माणूस यासाठीच फार आवडतो. स्वतःच्या लोकांना त्रास होऊ नये म्हणून जगातलं सगळ्यात मोठं मार्केट बाजूला ठेवणं ही साधी गोष्ट नाही.

याचा व्यवहारातला परिणाम असा की न्यू जर्सी, टेक्सासवाल्यांनाही (आपले मराठी लोकही आले त्यात) आता विमानात बसूनच त्याला बघायला जावं लागणार, म्हणून युरोपातल्या तिकिटांवर अमेरिकेतल्या लॅटिनो लोकांचाही भार आहे. घाई करा असं म्हणत नाही पण हे डोक्यात ठेवा.

आता शो कसा असतो ते, कारण शहर आणि सीट दोन्ही त्यावर ठरतं. सुरुवात मुख्य स्टेजवर, लाइव्ह बँड, ब्रासवाले, तालवाद्यं, साल्सा. अल्बममधल्या ‘बाइले इनोलविदाब्ले’ या साल्सासाठी पोर्तो रिकोच्या संगीत शाळेतली तरुण मुलं घेऊन रेकॉर्डिंग केलं होतं, तो जिवंत वाद्यांचा भरणा स्टेजवरही आहे, हेडफोनमधे ऐकलेलं काहीच नाही त्याच्यापुढे. मग तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जातो, तिथे ‘कासिता’ आहे, पोर्तो रिकोतल्या साध्या घरासारखं खरंखुरं दिसणारं घर, व्हरांडा, सपाट छप्पर सगळं, आणि तिथे जुनी रेगेटॉन गाणी, व्हरांड्यात पाहुणे नाचतायत, हा छपरावर चढून गातोय. मग परत मुख्य स्टेज. शिवाय दर रात्री एक गाणं असं असतं जे फक्त त्या रात्रीसाठी, दुसऱ्या दिवशी वेगळं. लॅटिन अमेरिकेतल्या शोमधे प्रेक्षकांना गळ्यात घालायला कॅमेऱ्याच्या आकाराचे दिवे दिले होते, ते सगळे एकदम चमकायला लागले की स्टेडियम वेगळंच दिसतं.

आणि शीर्षकगीत. त्याचा शेवटचा भाग प्लेनाच्या ढंगाचा आहे, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायचा. तिथे गायक थांबतो आणि लोक गातात. म्हणून मी म्हणते की या टूरला स्टेडियम कुठलं यापेक्षा शेजारी कोण उभं आहे हे जास्त महत्त्वाचं. शेजारचे 50 हजार लोक पाठ असल्यासारखे गात असतील तर एक शब्द न कळूनही अंगावर काटा येतो, आणि शेजारचे सगळे फोन वर धरून नुसते शूट करत असतील तर तीच मैफल अर्धी होते.

माद्रिद इथेच जिंकतं. 30 मे ते 15 जून, 10 रात्री, सगळ्या मेत्रोपोलितानो स्टेडियमवर. भाषा तीच. आणि नुसते स्पॅनिश लोक नाहीत, माद्रिदमधे व्हेनेझुएला, कोलंबिया, इक्वाडोर, पेरू, डोमिनिकन रिपब्लिकमधून आलेले लोक लाखांनी आहेत, घर सोडून दूर राहणारे, आणि हा अल्बम नेमका घर सुटण्याबद्दलच आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको, गणपतीत ढोल ऐकून जर्मनीत रडणारे लोक आपल्यातच आहेत. 10 रात्री असल्यामुळे दुसरा फायदा असा की ज्यांचं ऐनवेळी जमत नाही त्यांची परत विकायला आलेली तिकिटं इथे जास्त निघायची शक्यता, विशेषतः 2-3 जून (मंगळवार-बुधवार) आणि 10-11 जून (बुधवार-गुरुवार). शनिवार-रविवारच्या मागे सगळे लागतात.

माद्रिदचे तोटेही सांगते. जूनमधे दुपारी ऊन भयंकर असतं, स्टँडिंगला दुपारपासून रांगेत उभं राहणार असाल तर टोपी, पाणी, सगळी तयारी हवी. स्टेडियम शहराच्या पूर्व टोकाला आहे, मेट्रोची लाइन 7 थेट स्टेडियमच्या दारात सोडते पण शो सुटल्यावर तिथे पाय ठेवायला जागा नसते, त्यापेक्षा चालत लाइन 5 च्या कानियेहासला जा, चालणं पडतं पण गर्दी विखुरते. मेट्रो रात्री दीडपर्यंत असते. आणि हॉटेल घेताना बर्नाबेउजवळ घेऊ नका, माद्रिदचं मोठं स्टेडियम म्हटलं की लोकांच्या डोक्यात तेच येतं, पण तिथल्या मैफली 2024 मधे शेजाऱ्यांच्या आवाजाच्या तक्रारींमुळे थांबवल्या, आणि हा शो दुसरीकडेच आहे. विमानतळाच्या बाजूला, बाराहासकडे राहिलात तर स्टेडियम उलट जवळ पडतं.

लंडन 27 आणि 28 जून, शनिवार-रविवार, टॉटनहॅम हॉटस्परचं स्टेडियम, 62 हजारांवर क्षमता, युरोपातल्या नव्या आणि चांगल्या स्टेडियमांपैकी एक, उतार खडा असल्यामुळे वरच्या सीटवरूनही बरं दिसतं. सोयीसुविधा, स्वच्छतागृहं, खाणं यात लंडन माद्रिदच्या पुढे आहे हे मान्य. पण फक्त दोनच रात्री आणि तोही वीकेंड, म्हणजे तिकिटांची मारामारी. स्टेडियमच्या अगदी जवळ ट्यूब नाही, व्हाइट हार्ट लेनला ओव्हरग्राउंड (लोकल ट्रेन) आहे नाहीतर व्हिक्टोरिया लाइनवरच्या सेव्हन सिस्टर्सहून अर्धा तास चालायचं. आणि ते चालणं मी मुद्दाम सुचवेन. सेव्हन सिस्टर्सच्या वॉर्ड्स कॉर्नरला लॅटिन अमेरिकन, जास्त करून कोलंबियन, दुकानदारांचा बाजार होता, पुएब्लितो पाइसा म्हणायचे त्याला, तो पाडून फ्लॅट बांधायचे होते, तिथल्या बायकांनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि 2021 मधे बिल्डरने माघार घेतली. म्हणजे लंडनलाही लॅटिन लोक आहेत आणि ते येणार, नक्की येणार, पण 60 हजारांत त्यांचा वाटा माद्रिदइतका कसा असेल.

व्हिसाचं मात्र नीट बघा कारण निर्णय बऱ्याचदा तिथेच होतो. भारतीय पासपोर्टवर जर्मनी, नेदरलँड्स वगैरेचं रेसिडेन्स परमिट असेल तर शेंगेनमधे माद्रिद, मिलान, पॅरिस कुठेही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा न काढता फिरता येतं, पण लंडनला वेगळा यूके व्हिसा लागतो, एका मैफलीसाठी तो खर्च आणि कागदपत्रं मला पटत नाहीत. यूकेत राहणाऱ्यांचं नेमकं उलट, माद्रिदसाठी शेंगेन काढा किंवा घरच्या घरी लंडन बघा. भारतातून येणाऱ्यांनी शेंगेनच धरावा, मोठ्यांना 90 युरो फी, अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण 15 दिवस म्हणतात पण उन्हाळ्याच्या सीझनला खरी अडचण अपॉइंटमेंट मिळण्याची असते. आणि ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, माद्रिदचं तिकीट दाखवून पॅरिसकडे अर्ज केलात आणि चार रात्री स्पेनच्या निघाल्या तर उगाच प्रश्न येतील. तिकीट आधी की व्हिसा आधी? माझ्या मते तिकीट, पण परत विकता येणारंच.

ड्युसेलडॉर्फ 20 आणि 21 जून, शनिवार-रविवार, आणि आर्नहेम 23 आणि 24 जून, मंगळवार-बुधवार. ही दोन मी एकत्रच धरते कारण आयसीई गाडीने दोन्ही शहरं तासाभराच्या अंतरावर, कोलोन, बॉन, आइंडहोवन, ॲमस्टरडॅम कुठूनही सोपी. दोन्ही स्टेडियमना बंद होणारं छप्पर आहे. हा मुद्दा लोक विचारातच घेत नाहीत, जूनच्या शेवटी त्या भागात रात्री दहापर्यंत उजेड असतो, उघड्या स्टेडियमवर शोचा पहिला भाग चक्क उजेडात होतो आणि लाइट्सची मजा जाते. छप्पर बंद असेल तर अंधार लवकर आणि पावसाची चिंता नाही. उलट बाजू अशी की बंद डब्यात आवाज घुमतो, तालवाद्यांना ते चालून जातं पण शब्द चिरडले जातात. आर्नहेमचं गेलरेडोम स्टेडियम या टूरमधल्या लहान जागांपैकी एक, म्हणून लांबची सीट असली तरी फार लांब नाही. लहान मुलं, वयस्कर आई-बाबा सोबत असतील, दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल, तर मी डोळे झाकून आर्नहेम सांगेन. वातावरण माद्रिदचं नाही, पण थकवा पण माद्रिदचा नाही.

मिलानबद्दल लोकांचा उत्साह बघून मला थोडी काळजी वाटते. 17-18 जुलैचा शो स्टेडियमवर नाहीये, ला माउरा नावाच्या रेसकोर्सवर आहे. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा संगीत महोत्सवाला गेलेल्यांना लगेच कळेल, सपाट मैदान, उतार नाही, पुढे साडेसहा फुटी माणूस आला की संपलं, मग स्क्रीनच बघायचा. या शोमधे तर दोन टोकांना दोन स्टेज, म्हणजे सपाट जमिनीवरून एकतरी हमखास दिसणार नाही. इटलीत मोठ्या मैफलींची तिकिटं नावावर असतात, ओळखपत्राशी नाव जुळावं लागतं, त्यामुळे मित्राचं तिकीट घेऊन सहज आत शिरता येत नाही, नाव बदलायची अधिकृत प्रक्रिया करावी लागते. काळाबाजार त्यामुळे कमी होतो हे चांगलंच आहे पण ऐनवेळी ठरवणाऱ्यांसाठी मिलान नाही. इटालियन लोक गातात मात्र मस्त, स्पॅनिश त्यांना जवळची, तेवढं खरं.

बाकीच्यांचं थोडक्यात. बार्सिलोना (22-23 मे) सुंदर, मॉन्टज्युइकच्या डोंगरावरचं ऑलिंपिक स्टेडियम, हवा जूनपेक्षा बरी, युरोपातल्या पहिल्या रात्रीची एक वेगळी हवा असते, पण दोनच शो, म्हणून तिकीट मिळणं अवघड. लिस्बन (26-27 मे) माद्रिदला चांगला पर्याय, मेट्रो स्टेडियमजवळ जाते आणि शहरही तुलनेत स्वस्त. पॅरिस (4-5 जुलै) बंद एरिनात आहे, आरामशीर. स्टॉकहोम, वॉर्सा, मार्सेय, ब्रसेल्स हे तिथे राहत असाल तरच, त्यासाठी विमान पकडू नका.

सीटचं एकच सांगते, शहर कुठलंही असो. सगळे मुख्य स्टेजच्या पुढ्यातल्या स्टँडिंगमागे पळतात, पण कासिताचा भाग सुरू झाला की त्या लोकांना मागे वळून अख्ख्या मैदानापलीकडे बघावं लागतं. कासिताजवळच्या जागा घेणाऱ्यांचं उलट, साल्साचा सगळा भाग लांबून. मैदानाच्या लांब बाजूला, मधोमध, खालच्या किंवा मधल्या मजल्यावरची सीट मिळाली तर दोन्ही नीट दिसतात, नाचायलाही जागा मिळते, आणि बऱ्याचदा ती पुढच्या स्टँडिंगपेक्षा स्वस्त पडते. तिकीट घेताना नकाशावर कासिता कुठे दाखवलीय ते आधी शोधा, दाखवलीच नसेल तर मुख्य स्टेजच्या समोरचं टोक तिचं असं धरून चाला. दिवसाचं अजून ठरत नसेल तर माद्रिदच्या 10 आणि 11 जूनपासून बघायला सुरुवात करा.