सायपायचा कोबायला सॉल्व्हर: घ्यावा का? माझ्याकडून साडेतीन स्टार

सायपाय ही पायथॉनची गणिताची लायब्ररी, आणि कोबायला हा तिच्यातला सॉल्व्हर, म्हणजे अटी पाळून फंक्शनचा आकडा कमीत कमी कुठे येतो ते शोधणारा प्रोग्राम. आधी हे कोणासाठी लिहितोय ते सांगतो. तुमचं फंक्शन म्हणजे कागदावरचं सूत्र नाहीये, ते एखादं सिम्युलेशन आहे, आत काय चाललंय ते दिसत नाही, आकडे द्यायचे आणि वीस मिनिटांनी उत्तर घ्यायचं, वर परत स्ट्रेस एवढ्याच्या आत पाहिजे, साइज एवढ्याच्या आत पाहिजे अशा अटी. असं काम असेल तर पुढे वाचा. ज्यांच्याकडे स्वच्छ सूत्र आहे आणि डेरिव्हेटिव्ह (फंक्शनचा उतार) काढता येतो त्यांनी सरळ एसएलएसक्यूपी किंवा आयपॉप्ट असा डेरिव्हेटिव्हवर चालणारा सॉल्व्हर लावावा आणि मोकळं व्हावं, कोबायला त्यांच्यासाठी नाहीच.

आता लगेच कोणीतरी म्हणणार की एसएलएसक्यूपीला पण डेरिव्हेटिव्ह द्यावा लागत नाही, तो स्वतःच काढतो. काढतो, पण कसा? व्हेरिएबल जरासं हलवून, आणि सायपायमध्ये ते जरासं म्हणजे डीफॉल्ट 1.5 गुणिले 10 चा उणे 8 वा घात. तुमच्या सिम्युलेशनमध्ये दर वेळी मेश (आकाराचे केलेले बारीक तुकडे) नव्याने बनत असेल आणि त्यामुळे उत्तर सहाव्या दशांशात डुगडुगत असेल तर त्या डुगडुगण्याला एवढ्याशा आकड्याने भागलं की साठ-सत्तरचा उतार निघतो, जो खरा नाहीच आहे. सॉल्व्हर बिचारा त्या खोट्या उतारावर विश्वास ठेवून भलतीकडेच निघतो आणि दोन-चार स्टेपमध्ये "लाइन सर्च जमत नाही", म्हणजे या दिशेने पुढे काही मिळत नाही, म्हणून हात वर करतो. ऑफिसमध्ये नवीन आलेली पोरं इथेच तासन्‌तास घालवतात आणि शेवटी सिम्युलेशनला शिव्या देतात.

कोबायला हे करतच नाही. केंब्रिजच्या मायकेल पॉवेल यांनी 1994 साली प्रसिद्ध केलेली पद्धत आहे ही, आणि गंमत बघा, 1963 मध्ये फ्लेचरसोबत डीएफपी नावाची डेरिव्हेटिव्हवर चालणारी प्रसिद्ध पद्धत देणारे पॉवेल पण हेच. कल्पना एकदम साधी आहे. व्हेरिएबल n असतील तर n+1 पॉइंटवर फंक्शन आणि सगळ्या अटी मोजायच्या, त्या आकड्यांमधून सरळ रेषेतलं अंदाजी मॉडेल बनवायचं, आणि एका ठरावीक त्रिज्येच्या आत त्या मॉडेलप्रमाणे सगळ्यात बरी जागा कुठे आहे तिथे जायचं. जमलं तर ठीक, नाही जमलं तर पॉइंटांची मांडणी सुधारायची, आणि इथे अजून काही मिळत नाही असं दिसलं की त्रिज्या लहान करायची. पॉइंट एकमेकांपासून ऐसपैस लांब असतात म्हणून सहाव्या दशांशातल्या डुगडुगीचं त्याला काही वाटत नाही, निदान त्रिज्या फारच बारीक होईपर्यंत तरी.

अटी वेगळ्या मोजतो हा याचा मोठा प्लस. नेल्डर-मीड ही डेरिव्हेटिव्ह न लागणारी दुसरी पद्धत वापरणारे लोक अट मोडली की फंक्शनमध्ये दहा लाख मिळवून मोकळे होतात आणि मग तिचा सिम्प्लेक्स, म्हणजे पॉइंटांचा घोळका, त्या भिंतीला चिकटून चपटा होऊन बसतो. कोबायला प्रत्येक अटीचं स्वतंत्र मॉडेल ठेवतो, त्यामुळे भिंत कुठून कुठे जाते याची त्याला कल्पना असते.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी: स्केलिंग, म्हणजे सगळ्या व्हेरिएबलचे आकडे एका मापात आणणं. हे एका उदाहरणात दाखवतो, कारण डॉक्युमेंटेशन वाचून ते डोक्यात शिरत नाही. डिझाइनच्या कोर्सात येणारा स्प्रिंगचा जुना प्रॉब्लेम घ्या. तीन व्हेरिएबल: वायरची जाडी, कॉइलचा व्यास, आणि वेढे. वजन कमी करायचं, म्हणजे वेढे अधिक दोन, गुणिले कॉइलचा व्यास, गुणिले वायरच्या जाडीचा वर्ग, एवढं कमीत कमी पाहिजे, आणि डिफ्लेक्शन (स्प्रिंग किती दबते), शिअर स्ट्रेस (वायरवरचा पिळाचा ताण), फ्रिक्वेन्सी, बाहेरचा व्यास अशा चार अटी. चांगलं उत्तर वायर 0.0517 इंच, कॉइल 0.357 इंच आणि 11.3 वेढ्यांच्या आसपास आहे, वजनाचा आकडा 0.01267.

सायपायमध्ये सुरुवातीची त्रिज्या, म्हणजे रोबेग नावाचं ऑप्शन, डीफॉल्ट 1 आहे. सगळ्या व्हेरिएबलना तेच 1. तुम्ही 0.05, 0.35 आणि 11 पासून सुरू केलंत तर सॉल्व्हर सुरुवातीलाच वायर 1.05 इंच करून बघणार. कॉइलचा व्यास 0.35 इंच आणि वायर एक इंचाची! बरं, अशा अशक्य स्प्रिंगला शिअर स्ट्रेसच्या अटीने तरी फटकारावं ना? नाही. त्या सूत्रात छेदामध्ये कॉइल वजा वायर असा हिशेब येतो, तो उणे होतो, पहिलं पद उणे होऊन शून्याजवळ जातं, आणि अट म्हणते सगळं उत्तम आहे, भरपूर मार्जिन आहे. म्हणजे पहिलं मॉडेलच असल्या कचऱ्यावर उभं राहणार. तेच वेढे 11 चे 12 झाले तर काहीच बिघडत नाही. शेवटाकडे पण तीच बोंब, थांबायची त्रिज्या 0.0001 ठेवली तर वायरच्या दृष्टीने ती 0.2 टक्के आहे आणि वेढ्यांच्या दृष्टीने काहीच नाही.

उपाय सोपा आहे, प्रत्येक व्हेरिएबल आपापल्या रेंजने भागून 0 ते 1 मध्ये आणा, रोबेग 0.1 च्या आसपास द्या, आणि अटी पण अशा लिहा की त्यांचे आकडे साधारण एकाच मापाचे येतील, कारण हा सॉल्व्हर सगळ्यात जास्त मोडलेली अट बघतो आणि एक अट पास्कलमध्ये आणि दुसरी मीटरमध्ये असली की पास्कलवालीच कायम जिंकणार. पण हे सगळं आपण करायचं. एनएलऑप्ट नावाच्या दुसऱ्या लायब्ररीतल्या कोबायलामध्ये प्रत्येक व्हेरिएबलला वेगळी सुरुवातीची स्टेप देता येते आणि वरखालच्या मर्यादा पण पाळल्या जातात, एमआयटीच्या स्टीव्हन जॉन्सन यांनी तशी दुरुस्ती करून ठेवलीय. तेवढ्यासाठी तरी एनएलऑप्ट टाकून ठेवा.

दुसरी तक्रार, हा अटी मोडून बाहेर जातो. शेवटी आत येतो, पण वाटेत बाहेर भटकतो, आणि तिथे तुमचं फंक्शन मोजता आलं पाहिजे. उणे संख्येचा लॉग, उणे जाडीची प्लेट, मेशच बनत नाही असली भूमिती, हे सगळं त्याला चालतंय असं समजून तो विचारणार. मग लोक एरर आली की 10 चा 30 वा घात परत पाठवतात, ते तर अजून वाईट, एवढा एक आकडा सरळ रेषेच्या मॉडेलमध्ये शिरला की पूर्ण मॉडेलचा उभा सुळका होतो. तुमचं सिम्युलेशन मर्यादेबाहेर खरंच कोसळत असेल तर कोबायला घेऊच नका. आणि शेवटचं उत्तर पण अटीच्या केसभर बाहेर असू शकतं, म्हणून स्ट्रेसची मर्यादा 250 असेल तर सॉल्व्हरला 248 सांगायची, वाद नको.

तिसरी, वाकड्या दरीत हा रांगतो. स्प्रिंगच्या प्रॉब्लेममध्ये दोन अटी एकाच वेळी घट्ट बसतात, म्हणजे अगदी मर्यादेवर येतात, आणि उत्तर एका वाकड्या रेषेवर सरकत राहतं. त्या रेषेवर वायर 0.05, कॉइल 0.3174 आणि वेढे 14.03 घेतले तर वजन 0.01272. म्हणजे पावणेतीन वेढे जास्त आणि वजनात फरक अर्धा टक्कासुद्धा नाही! सरळ रेषेची मॉडेलं अशा ठिकाणी इंच इंच सरकतात आणि कधी कधी वाटेतच त्रिज्या संपून "झालं" म्हणतात. आता स्प्रिंग बनवणाऱ्याला त्या अर्ध्या टक्क्याने फरक पडत नाही, वायर तरी कुठे 0.0517 ची मिळते, पण पेपर लिहिणाऱ्यांना पडतो.

याच जागी कोबायका हा दुसरा सॉल्व्हर येतो. टॉम रागोनो आणि झायकुन झांग यांचं काम, सायपाय 1.14 पासून आत आहे, मेथडचं नाव तेवढं बदलायचं, बाकी कोड तोच. हा सरळ रेषेऐवजी वर्गात्मक मॉडेल बनवतो त्यामुळे वाकडी दरी त्याला दिसते, आणि बाउंड्स, म्हणजे व्हेरिएबलच्या वरखालच्या मर्यादा, कायम पाळतो, एकदाही बाहेर पाय टाकत नाही, म्हणजे उणे जाडीवाला ताप गेला. बदल्यात सुरुवातीला n+1 ऐवजी 2n+1 पॉइंट मागतो. दहा व्हेरिएबल आणि एका रनला वीस मिनिटं धरली तर कोबायलाची तयारी 3 तास 40 मिनिटांत होते आणि कोबायकाची 7 तासांनी, पण पुढे तो हे भरून काढतो, गुळगुळीत फंक्शन असेल तर नक्कीच. माझं मत, आज नवीन काम सुरू करताय तर पहिला हात कोबायकाला घाला. खूप डुगडुगणारं फंक्शन असेल किंवा पटकन चारदोन टक्के सुधारणा काढून थांबायचं असेल तेव्हा कोबायला. क्वांटम कॉम्प्युटरवाले लोक व्हीक्यूईसाठी, म्हणजे रेणूची सगळ्यात कमी ऊर्जा शोधायच्या पद्धतीसाठी, कोबायला वापरतात त्याचंही कारण हेच आहे, थोड्या रनमध्ये काहीतरी बरं मिळतं.

व्हर्जनबद्दल एक महत्त्वाचं. आधी सायपायच्या आत पॉवेल यांचा फोरट्रान 77 या जुन्या भाषेतला कोड होता, आणि तो कधी कधी गोल गोल फिरत बसायचा हे माहितीतलं आहे. झांग यांच्या प्रीमा प्रोजेक्टमध्ये तो सगळा नव्याने, नीट लिहून काढला, आणि सायपाय 1.16 पासून त्याचंच पायथॉन रूप आत आलंय. त्यामुळे जुनी स्क्रिप्ट नव्या व्हर्जनवर चालवलीत आणि उत्तर शेवटच्या दशांशांत किंवा रनच्या आकड्यात बदललं तर घाबरू नका, आतलं यंत्रच बदललंय. कंपनीत अजून जुनं सायपाय असेल तर अटी सगळ्या "शून्य किंवा त्याहून मोठं" अशाच लिहाव्या लागतात, बरोबरीची अट हवी असेल तर तिच्या दोन करा, एक अधिक एक उणे. माझा सल्ला, शक्य तिथे बरोबरीच्या अटीतून एक व्हेरिएबल सोडवून ते आणि ती अट काढूनच टाका.

अजून दोन गोष्टी घाईत सांगतो. हा एका वेळी एकच पॉइंट मोजतो, त्यामुळे ऑफिसमध्ये सोळा कोअरचं मशीन असलं तरी पंधरा झोपलेले राहणार. आणि सापडतं ते जवळचं उत्तर, जगातलं सगळ्यात भारी नाही, तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू करून बघा.

वायर बाजारात मिळणाऱ्या मापांचीच घ्यायची, वेढे पाव पावच्या पटीतच, सिम्युलेशन मधूनच कोसळतं, असलं सगळं असेल तर मात्र मॉन्ट्रियलवाल्यांचा नोमॅड हा सॉल्व्हर बघा. ऑडेट आणि डेनिस यांच्या 2006 च्या मॅड्स पद्धतीवर चालतो, पायऱ्यापायऱ्यांची व्हेरिएबल घेतो, कोसळलेला रन बाजूला टाकून पुढे जातो, समांतर पण चालवता येतो. रन मात्र भरपूर खातो, ती तयारी ठेवा. सगळं फुकट आहे, मोकळ्या लायसन्सचं आहे, त्यामुळे तिन्ही टाकून ठेवायला काहीच हरकत नाही. स्टार द्यायचे तर कोबायका सव्वाचार, नोमॅड चार, आणि कोबायलाचे साडेतीन, त्यातला अर्धा कापला तो त्या रोबेगच्या डीफॉल्टमुळे.