नागपूरच्या धंतोलीतील बालहृदयरोग केंद्र : ऑपरेशननंतरच्या तपासण्यांचा अनुभव

माझ्या मुलीचे ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ या जन्मजात हृदयदोषाचे ऑपरेशन ती ११ महिन्यांची असताना झाले. सुटी देताना त्या रुग्णालयाने (नाव घेत नाही) ‘मुलगी बरी झाली’ एवढेच सांगितले आणि आम्ही पेढे वाटून मोकळे झालो. पुढची सहा वर्षे एकही इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नाही. आता ती १३ वर्षांची आहे आणि मधल्या काळापासून आम्ही धंतोलीतील एका लहान बालहृदयरोग केंद्रात दरवर्षी जातो. हा अभिप्राय त्या केंद्राविषयी आहे.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागे हृदयाचे चार कप्पे काढून दाखवले. फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोकळी करताना पुष्कळदा झडपेवरूनच पट्टी लावावी लागते. त्यामुळे ओठांचा निळेपणा जातो, पण झडप पुरती मिटत नाही, रक्त मागे गळत राहते आणि उजवा खालचा कप्पा वर्षानुवर्षे ताणला जातो. मूल मात्र पळत-खेळत असते, त्यामुळे घरच्यांना काही कळत नाही. इतके साधे आम्हाला तोवर कुणी सांगितले नव्हते.

या केंद्राची खरी जमेची बाजू म्हणजे तेथे आकडे जपले जातात. ईसीजीतील क्यूआरएसची रुंदी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांत विद्युत लहर पसरायला लागणारा वेळ) मागच्या वर्षी १४२ मिलिसेकंद होती, यंदा १४६ आहे, हे डॉक्टर जुनी पट्टी शेजारी ठेवून दाखवतात. ती १८० च्या घरात गेली, तर ठोके धोकादायकरीत्या बिघडण्याची शक्यता वाढते. उजव्या कप्प्याचे नेमके आकारमान इकोत नीट मोजता येत नाही, म्हणून एमआरआय सांगितला आणि नवी झडप कधी बसवायची हे त्यावरून ठरेल, असेही स्पष्ट केले. दात किडला तर दंतवैद्याला ऑपरेशनची माहिती आधी द्यावी, ही सूचना फाइलवर लाल शाईत आहे.

उणिवाही आहेत. वेळ ११ ची दिली तरी दुपारी एक वाजेपर्यंत नंबर लागत नाही, गडचिरोली-चंद्रपूरहून पहाटे निघालेली माणसे जिन्यात बसून असतात, आणि गाडी लावण्याविषयी तर धंतोलीत बोलायलाच नको.

गेल्या मे महिन्यात २४ तासांचा होल्टर (ठोक्यांची सतत नोंद करणारे छोटे यंत्र) लावला, तेव्हा घामाने छातीवरच्या दोन पट्ट्या रात्रीच निघाल्या. सकाळी यंत्र परत नेल्यावर तंत्रज्ञबाईंनी नोंद तपासली, अपुरी आहे म्हणाल्या आणि दुसरे पैसे न घेता पुन्हा लावून दिला.