‘लाल रंग सुटतोच’ असं सांगणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहा

जुन्या लेदरच्या पर्स घेऊन घरी धुऊन, कातडं मऊ ठेवणारं कंडिशनर देऊन पुन्हा वापरात आणायचा ज्यांना नाद आहे, त्यांनी हे जरूर वाचा, विशेषतः लाल पर्स घेणार असाल तर. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने फसवलं. त्याने पुढे केलेला बहाणा अर्धा खरा आहे आणि त्यामुळेच त्यात कोणीही अडकेल. ‘मॅडम, लाल लेदरचा रंग पाण्यात सुटतोच.’ सुटतो, हे खरं. पण त्या पर्सचं जे सुटलं, तो लेदरचा रंग नव्हताच.

आधी ही पर्स कुठली ते सांगते. न्यूयॉर्कमध्ये 1941 साली सुरू झालेल्या कोच कंपनीच्या जुन्या पर्स जाड, मऊ गाईच्या कातड्याच्या असायच्या. बेसबॉलचा हातमोजा वापरून वापरून मऊ होतो, ते बघून हे कातडं तयार केलं असं सांगतात. 1962 पासून बॉनी कॅशिन तिथे डिझाइन करू लागल्या आणि उघड्या टपाच्या गाडीवरून सुचलेली, झाकण बंद करायची ती पितळी फिरकी पर्सवर आली. या पर्सना बहुधा आतून अस्तर नसतं. कातड्याची खरखरीत बाजूच आत दिसते आणि रंग कातड्यात मुरलेला असल्याने ती बाजूही त्याच रंगाची असते. हे लक्षात ठेवा, सगळा खेळ इथेच आहे.

भाचीच्या लग्नात द्यायला मला लाल पर्स हवी होती. जाहिरातीत ‘ऐंशीच्या दशकातली, ओरिजनल रेड’ असं लिहिलं होतं. किंमत 6,500 रुपये. रंग मूळ आहे का, नंतर मारलाय का, हे मी पैसे देण्याआधी स्पष्ट विचारलं. ‘शंभर टक्के ओरिजनल’ असं उत्तर लेखी आलं. आतल्या शिक्क्याचा आणि नंबराचा फोटोही आला. पैसे यूपीआयने घेतले. पार्सल धुळ्यात घरपोच आलं तेव्हा आत काळं अस्तर होतं. विचारलं तर म्हणे, आधीच्या बाईंनी हौसेने लावून घेतलं.

आमच्याकडे बोअरच्या पाण्याला साबणाचा फेसच नीट येत नाही, म्हणून पर्स धुवायला मी जारचं पाणी कोमट करून घेते. भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब, मऊ कापड, बस. कपड्यांची पावडर कधीच नाही. लेदर स्वभावाने किंचित आम्लधर्मी असतं आणि पावडर क्षारयुक्त, त्याने कातडं कडक होतं. लाल पर्स नेहमी एकटीच टबमध्ये.

पाणी लगेच गुलाबी झालं. तेवढं चालतं. मग पट्ट्याच्या कडीजवळ अंगठा फिरवला आणि लाल रंगाचा पापुद्रा निघून बोटाला चिकटला. भिंतीच्या ऑइलपेंटचा पोपडा निघतो तसा, अखंड, वाकणारा. खाली तपकिरी कातडं, त्याला तडे, आणि तड्यांत पांढरट लांबी (पुट्टी) भरलेली. झाकणाच्या घडीवरून तर पट्टेच्या पट्टे सुटले. शिलाईचा दोराही लाल रंगवलेला होता, ओला झाल्यावर मधूनमधून पिवळा दिसायला लागला. अस्तराचा डिंक सुटला तेव्हा आतली बाजू दिसली. अगदी कोरी तपकिरी, लाल रंगाचा ठिपकाही नाही. अस्तर कशाला लावलं होतं ते तिथे कळलं. अस्तराखाली खरा शिक्काही होता आणि त्यावरचा नंबर फोटोतल्या नंबराशी जुळत नव्हता. फोटो दुसऱ्याच पर्सचा.

फोटो काढून पाठवले तर त्याचं तेच पालुपद. लाल रंग सुटतो, तुम्ही पाण्यात घातलीच कशाला, लेदर पाण्यात घालतात का? मी समजावत राहिले आणि त्याने नंबर ब्लॉक केला.

म्हणून हा फरक नीट ध्यानात ठेवा. लेदरमध्ये मुरलेला रंग सुटतो तेव्हा पाणी रंगतं, पण ते पारदर्शक राहतं, फडक्याला डाग पडतो आणि पर्स जरा फिकी होते. तिचा पोत जात नाही, खालून दुसरा रंग उघडा पडत नाही. वरून मारलेला रंग सालासारखा निघतो, पाण्यात तुकडे तरंगतात. पर्स हातात आल्यावर धुवायच्या आधी खालच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. अशा जुन्या, वर लेप नसलेल्या लेदरमध्ये थेंब हळूहळू मुरतो आणि तेवढी जागा गडद होते. पेंटवर तो मण्यासारखा तसाच बसून राहतो. पितळी कडीच्या कडेला लाल रंग लागलाय का, पट्ट्याच्या भोकांत आतला रंग कुठला आहे, दोरा रंगलाय का, हेही पाहा. कुठलीही नवी, लेप असलेली किंवा अस्तराची पर्स मात्र पाण्यात बुडवू नका, ही रीत तिच्यासाठी नाही.

आग्रा रोडच्या बाजूला बसणाऱ्या मोची काकांना मी ती पर्स दाखवली. नखाने एक पोपडा उचलून ते म्हणाले, ‘ताई, हाऊ कातडाना रंग नही, वरथीन मारेल शे.’ तडे गेलेलं कातडं आता तेल पिणार नाही, पट्टा ओझ्याने तुटेल, असंही त्यांनी सांगितलं. कातडं इतकं सुकलं असेल तर कंडिशनरही काही करत नाही, हा माझाही अनुभव आहे.

पैसे यूपीआयने गेले होते म्हणून 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. वस्तूसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत 2 वर्षांची. ऑनलाइनही दाखल करता येते. मी चॅट, पावती, जाहिरातीचा फोटो, ओल्या पर्सचे फोटो सगळं जोडलंय. निघालेले पोपडेही पिशवीत घालून ठेवलेत. तुमच्यावर वेळ आली तर पर्स लगेच फेकू नका, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल तर तोही जपा.

तक्रार अजून चालू आहे, म्हणून त्याचं नाव इथे देत नाही. पण तो अजून विकतोय. या आठवड्यात त्याने पुन्हा एक लाल पर्स टाकली आहे, आत काळं अस्तर. कोणी घेणार असेल तर अस्तर उलटून आतल्या कातड्याचा फोटो आधी मागा आणि तो आल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.