पायलट बेअरिंगच्या जागी बुश : मुंबईच्या ट्रॅफिकमधले आठ महिने

गेल्या नोव्हेंबरात माझ्या जुन्या डिझेल जीपचं पायलट बेअरिंग काढून तिथे बुश, म्हणजे धातूची साधी नळी, बसवला. पायलट म्हणजे इंजिनच्या क्रँकच्या (मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाशी बसणारा छोटा आधार; गिअरबॉक्समधून येणाऱ्या क्लच शाफ्टचं टोक त्यात फिरतं. आता जुलै उजाडलाय, मीटरवर ७,२०० किलोमीटरची भर पडलीय. बहुतेक रोजचाच रस्ता : भांडुपहून एलबीएस मार्ग, गांधीनगर जंक्शन, मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरी. क्लचवरचा पाय उठत नाही असा रस्ता. बुश की बेअरिंग हा प्रश्न पडलेल्यांसाठी सविस्तर लिहितोय, कारण मला त्या वेळी नीट सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

सुरुवात आवाजाने झाली. सिग्नलला पहिला गिअर टाकून, क्लच दाबून उभा राहिलो की चिर्रर्र. न्यूट्रल करून क्लच सोडला की शांत. एका मेकॅनिकने रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, बदललं. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी गेली, आवाज तसाच. क्लच प्लेटच्या मागे कोणी पाहिलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. ओळखायची खूण सोपी आहे. रिलीज बेअरिंग गेलं असेल तर न्यूट्रलमध्येही क्लच दाबल्या दाबल्या आवाज येतो. पायलटचा आवाज गाडी उभी असताना गिअर टाकून क्लच दाबला की जास्त येतो, कारण तेव्हा क्लच शाफ्ट थांबलेला असतो आणि क्रँक त्याच्या टोकाभोवती फिरत असतो.

दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरला तेव्हा बेअरिंगमधलं ग्रीस वाळून तांबूस भुकटी झाली होती. हे सुयांचं बेअरिंग, आतली रिंग नसलेलं. सुया थेट शाफ्टच्या टोकावर फिरतात, म्हणून ते टोक कडक आणि गुळगुळीतच लागतं. कुर्ल्याचे लेथवाले काका म्हणाले, "साहेब, आधी टोकाला नख लावून बघा." नख चार ठिकाणी अडकलं. नवं बेअरिंग त्या चरांवर टिकलं नसतं, आणि नवा शाफ्ट तेव्हा परवडणारा नव्हता. माझा निर्णय तिथेच झाला. बुश मऊ असतो, पूर्ण गोलाईने टेकतो आणि अशा टोकाला सांभाळून घेतो.

काका गनमेटलच्या (तांब्याच्या एका मिश्रधातूच्या) दांड्यातून बुश काढून द्यायला तयार होते. मी तेल पिणारा, म्हणजे भुकटी दाबून केलेला ब्राँझचा बुश मागितला. त्यात साधारण पाचवा हिस्सा बारीक छिद्रं असतात. फिरताना गरम झाला की तेल बाहेर येतं, थंड झाला की परत आत ओढलं जातं. नागदेवी स्ट्रीटवर पहिल्या दुकानात जो दाखवला तो चुंबकाला चिकटला, म्हणजे लोखंडी भुकटीचा. तो नाही घेतला. चुंबक खिशात ठेवून जा.

टोक बारीक पॉलिश पेपरने साफ केलं आणि बुशचं भोक त्याच्या मापाने वाढवलं. इथे टूल धारदार हवं. बोथट टूल धातू फासून छिद्रं बुजवतं. फ्लायव्हीलकडून (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाकडून) ठोकून बसवल्यावर भोक किंचित आवळतं, म्हणून माप बसवल्यानंतर पुन्हा घेतलं. प्ले, म्हणजे टोक आणि बुशमधली फट, ०.०५ मिलीमीटरच्या आसपास ठेवला. आदल्या रात्री बुश इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवला होता. सकाळी भोकात तेल भरून दोन्ही बाजूंनी अंगठे दाबले, तर बाहेरच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब फुटले. मेकॅनिक वर ग्रीस भरायला निघाला होता, त्याला थांबवलं. ग्रीसने छिद्रं बुजतात.

पहिल्या आठवड्यात रिव्हर्स टाकताना खर्र व्हायचं. बुश थोडा टाईट असला की क्लच दाबूनही शाफ्ट ओढला जातो. दोन-तीनशे किलोमीटरनंतर ते थांबलं. सकाळी थंड इंजिनावर मात्र अजूनही क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबतो, मगच रिव्हर्स. बेअरिंग चांगलं होतं तेव्हा एवढं थांबावं लागत नसे. जूनमध्ये दोनदा अर्धी चाकं बुडतील एवढ्या पाण्यातून गेलो. नंतर दोन दिवस बारीक कुरकुर होती, मग गेली. जुना चिर्रर्र आवाज आठ महिन्यांत एकदाही आला नाही.

हायवेला गिअरमध्ये क्लच सोडून जाताना क्रँक आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, बुश झिजतच नाही. तो झिजतो सिग्नलवर. आयडल, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनाचा वेग, ७५० आरपीएम (मिनिटाला ७५० फेरे) धरा. दीड मिनिट गिअरमध्ये क्लच दाबून उभं राहिलात, तर टोकाभोवती हजारावर फेरे झाले. मी आता प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढतो. सवय लागायला महिना गेला.

शाफ्टचं टोक नखाला गुळगुळीत लागत असेल आणि कंपनीने बेअरिंगच दिलेलं असेल, तर बेअरिंगच घ्या. पण सीलवालं मिळालं तर बघा, आपल्याकडची धूळ आणि पाणी लक्षात घेऊन. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत हा पार्टच नसतो, त्यांनी शोधत बसू नये. आणि गिअरबॉक्स कोणत्याही कारणाने उतरला, तरी पायलट बदलूनच वर चढवा. पार्टपेक्षा मजुरी कितीतरी जास्त जाते.

पुढच्या क्लच प्लेटच्या वेळी शाफ्टही नवा टाकायचा विचार आहे, त्यासाठी पैसे बाजूला काढतोय. तेव्हा हा बुश काढून किती झिजला ते मोजून लिहीन.